रस्त्याकडची दोरी

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. मी वेळेवर जेवतो आहे, गॅस बंद केल्यावर परत एकदा बघतो आहे आणि कुलूप लावल्यावर ओढूनही बघतो आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू ‘जेवलास का’ आणि ‘सर्दी बरी आहे का’ याच्या पुढे जात नाहीस, आणि मी काही बोलायला तोंड उघडतो तोवर फोन छोटीच्या कानाला लावून मोकळी होतेस. दादाची मुलगी झाली म्हणून तिच्याशी मी किती बोलणार? ती तिकडून फुर्रर्र करते, मी इकडून फुर्रर्र करतो आणि दुकानातले सगळे माझ्याकडे बघतात. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम पाटीवर काढतो तसं मोठं आणि सुटं काढलं आहे, म्हणजे तुला चष्मा शोधत बसावं लागणार नाही आणि वहिनीकडून वाचून घ्यावं लागणार नाही. वहिनीकडून वाचून घेऊच नकोस.

इथली बातमी म्हणशील तर ती कपड्यांचीच आहे. तू दादाकडे गेल्यापासून धुणं मी धुतो. पहिल्या खेपेला सगळं एकाच बादलीत भिजवलं आणि लाल टॉवेलने माझी सगळी बनियनं गुलाबी करून टाकली. वाळत घातलं तर खालच्या शिंपीणकाकू मशीन थांबवून बाहेर आल्या आणि मान वर करून म्हणाल्या, “काय रे, घरात बाईमाणूस नाही हे दोरीवरून कळतंय हं! शर्ट बाह्यांच्या टोकांना चिमटे लावून घालतात का कधी? हात वर करून पोलिसांना शरण आल्यासारखा दिसतोय बिचारा.” मी उलटा करून घातला. तर म्हणाल्या, “आता खिशातलं सगळं माझ्या डोक्यावर पडू दे.” मग जाताजाता म्हणाल्या, “तुझी आई दोरी अशी घालायची की खालून बघतच राहावं.” त्यांनी तुझं कौतुक केलं हे मला कळलं. पण त्यांना जे बघत राहावंसं वाटायचं, त्यात माझं एकही कापड नसायचं, हे त्यांना ठाऊक नाही. किंवा असेलही. त्यांच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही.

तुझ्या दोन दोऱ्या होत्या. एक गॅलरीबाहेर, रस्त्याच्या बाजूची, आणि दुसरी आत, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून न्हाणीच्या दारापर्यंत. आतल्या दोरीला ऊन माहीतच नव्हतं. तुझा कायदा ठरलेला होता. धडकं, न विटलेलं, चारचौघांत घालण्याजोगं ते बाहेर. ठिगळाचं, झिजलेलं, ताणलेलं ते आत. चादरीला बारीकसं छिद्र असेल तर तेवढी बाजू भिंतीकडे. दोरी म्हणजे घराचं तोंड आहे, असं तू म्हणायचीस, आणि समोरच्या इमारतीतल्या कोणी मळकं पायपुसणं कठड्यावर टाकलं की तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही ते त्यांनी आपल्या उशीवरच टाकलंय.

आणि बाहेरच्या दोरीवर दादा असायचा. आधी त्याचा शाळेचा गणवेश, मग कॉलेजचे शर्ट, मग ऑफिसचे पांढरे. ते पिळायची तुझी पद्धतच वेगळी होती, लहान बाळाचं अंग पुसावं तशी. मग गॅलरीत उभं राहून फाट फाट झटकायचीस, तो आवाज नाक्यापर्यंत जायचा. खालून चिमटे, मध्ये वाऱ्याला जागा, कॉलर सरळ. माझे कामाचे कपडे मात्र आत. त्याचं कारण तू कधी लपवलं नाहीस. टर्पेंटाइनचा वास शेजारच्या कपड्यांना लागतो आणि रंग काही केल्या निघत नाही, मग बाहेर घालून दाखवायचं काय? बरोबरच होतं. मी नववीत दोनदा बसलो आणि मग उठलोच. शुद्धलेखन सोडून कशातच मार्क नव्हते, म्हणून पेंटरमामांच्या दुकानात पाट्या रंगवायला लागलो, आणि पाट्या रंगवणाऱ्याचे कपडे पांढरे राहत नाहीत. पण आई, आतल्या दोरीवरचा कपडा वाळत नाही गं, नुसता थकतो. कित्येक सकाळी मी ओलसर बाह्या हातात घालून, फोडणीच्या वासाचा शर्ट अंगात घेऊन कामावर गेलो आहे. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर ती रस्त्याकडची दोरी म्हणजे आपल्या घराची पाटी होती, आणि तिच्यावर एकच नाव होतं.

एकदाच माझा शर्ट तिथे लागला होता. मी नवा आकाशी शर्ट घेतला होता, त्याची पहिली धुलाई. तू तो स्वतःहून बाहेर घातलास. मला वाटलं, खाली जाऊन रस्त्यावरून बघावं कसा दिसतो ते. चपला घातल्या, जिना उतरलो, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि वर बघितलं, तर तिथे दादाचा शर्ट. त्याची दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, ऊन त्याला जास्त हवं होतं. माझा तू आत घेतला होतास. तुला हे आठवणार नाही. आठवावं असं त्यात काही नाही. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, कारण लगेच वर आलो असतो तर तू विचारलं असतंस, कुठे गेला होतास.

आता तू नाहीस तर दोन्ही दोऱ्या माझ्याच आहेत. मी सगळं बाहेर घालतो. रंगाचे डाग पडलेल्या पँटी, गुलाबी बनियनं, सगळं. शिंपीणकाकू म्हणाल्या, “आई आली की कान धरेल.” मी म्हटलं, “धरू दे.” पण खरं सांगू? मजा येत नाही. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात शिरून पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.

तर रविवारी दुपारी दादाचा फोन आला. सुरुवातीलाच म्हणाला, “अरे, आईला जरा समजाव.” मी पटकन रेडिओ बंद केला. तुला समजवायला दादाला मी लागावा, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो म्हणाला, त्यांच्या सोसायटीत बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे, इमारतीची शोभा जाते म्हणून. घरात कपडे वाळवूनच बाहेर काढणारं मशीन आहे, आणि तरी तू बादली घेऊन बसतेस. मशीनमधला कपडा कोंदट लागतो म्हणतेस. आणि ते मशीन ज्या खोक्यातून आलं त्याचीच दोरी सोडून तू ती कठड्याला बांधलीस! आई, मी फोनवर गंभीर आवाज ठेवला होता, पण मला हसू फुटत होतं. आणि हसूच नाही, आनंद झाला होता. दादा तुझ्यावर वैतागला होता. म्हटलं, आता हा तिला परत पाठवणार. मी मनातल्या मनात बसस्टँडवर तुझी पिशवीसुद्धा हातात घेतली.

मग त्याने फोटो पाठवला, पुरावा म्हणून. आणि माझा आनंद तिथेच वाळला. बाल्कनीत ओळीने त्याचे पांढरे शर्ट. खालून चिमटे, मध्ये वाऱ्याला जागा, कॉलर सरळ. अगं, तिथे मशीन आहे, वहिनी आहे, इस्त्रीवाला दारात येऊन कपडे घेऊन जातो. तुला तिथे आराम करायला नेलं होतं ना? तुझ्या बोटांना साबणाने चिरा पडतात, आणि तू त्याचे शर्ट हाताने धुतेस! इथे मी लाल टॉवेलशी झगडतोय, ते जाऊ दे. फोटो मोठा करकरून मी एकेक शर्ट बघितला. शेवटी छोटीचे मोजे होते, अंगठ्याएवढे. मी त्या मोज्यांवरसुद्धा जळलो. तिच्यावर माझा जीव आहे, तरी जळलो.

आणि दादाचं बोलणं तेवढ्यावर थांबलं नाही. म्हणाला, दोरीचं एकदा मिटलं की आईला कायमची इथेच ठेवून घेऊ. तिकडच्या दोन खोल्या सोडून टाक, तुला दुकानाच्या माळ्यावर राहता येईल, तू काय एकटाच. आणि आई, याबद्दल तुला विचारलं तर तू काही बोलली नाहीस, छोटीला भरवत राहिलीस, असंही म्हणाला. मी ‘बघू’ म्हटलं. दादाला मी नेहमी ‘बघू’च म्हणतो. पण सोमवारी एका दातांच्या दवाखान्याची पाटी रंगवताना माझी सरळ रेघ वाकडी गेली, आणि पेंटरमामा ब्रश काढून घेत म्हणाले, “अरे, दात पेशंटचे हलायला पाहिजेत, पाटीवरचे नाही.” मी ती पुसून परत काढली. तू काही बोलली नाहीस म्हणजे काय, हेच दिवसभर डोक्यात होतं. तू न बोलण्याचे प्रकार मला माहीत आहेत. एक ‘नको’ असतो आणि एक ‘चालेल’ असतो, आणि दोन्हीत तू सारखीच गप्प असतेस.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. दादाने फोन केला तो त्याच्या शर्टांसाठी नव्हता. शर्टांचं सोसायटीने एक वेळ चालवून घेतलं असतं, असं तोच म्हणाला. तक्रार आहे ती माझ्या कामाच्या कोटाची, पाट्या रंगवताना कपड्यांवरून घालतो त्या डागाळलेल्या कोटाची. तो कोट मी दुकानात शोधून शोधून दमलो होतो. तू जाताना काचेच्या बरण्या त्यात गुंडाळून नेल्यास, हे मला त्या फोनवर कळलं. दादा म्हणाला, कोणी घालत नाही, मळत नाही, तरी आई तो दर आठवड्याला धुते आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी रस्त्याच्या बाजूला घालते. फोटोत तो कडेला होता, रंगीबेरंगी, मी पडदा समजलो होतो. वॉचमन विचारून गेला म्हणे, साहेब, घरात रंगकाम काढलंय का? मग समोरच्या बाई तक्रार घेऊन आल्या, तेव्हा वहिनी बिचारी सारवासारव करत म्हणाली, कोणातरी कामवाल्याचा राहिला असेल. आणि तू छोटीला कडेवर घेऊन आतून बाहेर आलीस आणि म्हणालीस, “कामवाल्याचाच आहे. माझ्या धाकट्याचा. तो पाट्या रंगवतो. वाळला की काढीन.” मी दादाला म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, परत सांग. त्याने सांगितलं. मी म्हटलं, अजूनही तुटक येतंय. तेव्हा तो रेंजसाठी बाल्कनीत गेला आणि तुझं वाक्य त्याने रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. नंतर म्हणाला, आई तुझं ऐकते, तूच तिला लिही आणि तो कोट काढायला लाव. मी हो म्हटलं, आणि म्हणून लिहायला बसलो. तर आई, दादाने सांगितलंय, कोट काढ. निरोप पोचवला. आता माझं ऐक. शेवटी ‘लवकर परत ये’ एवढंच लिहायचं ठरवून मी कागद घेतला होता, पण ते लिहीत नाही. खोल्या मी सोडत नाही, दादाला काय सांगायचं ते मी सांगतो, यावेळी ‘बघू’ म्हणणार नाही. पण तू एवढ्यात निघू नकोस. अजून थोडे दिवस राहा, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो कोट नीट बघून घेऊ दे.

तुझाच,
धाकटा