फोडणीच्या वासाला आडवी घातलेली भिंत

मी, मृणालिनी सुमंत टिपणीस, वय वर्षे अडुसष्ट, राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, लिहून ठेवते की आज रोजी माझे डोके ठिकाणावर आहे, साखर काबूत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकला असता असा एकच माणूस होता, माझा नवरा सुमंत, तो तीन वर्षांपूर्वी गेला. खरे सांगायचे तर तोही बिचारा आणत नसे, मीच घेत असे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकिलांना याच मजकुरावरून इंग्रजी मृत्युपत्र तयार करायचे आहे. ते म्हणाले, "फक्त मालमत्तेचे लिहा." मी म्हटले, आमच्याकडे मालमत्तेबरोबर भांडणेही वारशाने जातात, तेव्हा तीही लिहिते. टाइप करायला शेजारची हिमानी बसली आहे. नागपूरची आहे, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. ती मघाशी म्हणाली, "काकू, 'सदर' किती वेळा लिहायचं हो?" मृत्युपत्र आहे बाई, एसेमेस नव्हे.

कलम १. सदर राहते घर माझी एकुलती एक मुलगी नेत्रा हिला द्यावे. ती शिकागोला कॉलेजात कलेचा आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवते. घर तिने खुशाल विकावे. आईची आठवण म्हणून दर ऑक्टोबरात शिडी लावून पन्हळीतली पाने उपसत बसू नये.

कलम २. तळघरातले ड्रॉइंगचे टेबल, टी-स्क्वेअर, पट्ट्या आणि शाईची पेने माझी भाची नीलांबरी हिला द्यावीत. ती टेक्सासात फ्रिस्कोला राहते आणि आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मीही आर्किटेक्ट आहे, मुंबईची, १९६१ सालची. १९६८ साली इथे आले तेव्हा कळले की ती पदवी इथे कोणी खिजगणतीत धरत नाही. लायसन हवे तर आधी दुसऱ्याच्या हाताखाली काही वर्षे काढा, मग परीक्षा द्या. मग बर्फ, मग नेत्रा, मग सासूबाईंचे आजारपण. सुमंत सिव्हिल इंजिनियर, त्याच्याकडे लायसन होते. म्हणून नकाशे मी काढायचे आणि शिक्का त्याने मारायचा, असे आमचे चाले. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव एकच, त्याचे. नीलांबरीस अट अशी की, तिने त्या चौकटीत आपले नाव आधी लिहावे आणि मगच पहिली रेघ ओढावी.

कलम ३. मोठी कढई आणि झारा पद्मजा दिघे हिला. माझी मैत्रीण आणि आमच्या मराठी मंडळाची यंदाची अध्यक्ष. मंडळाच्या हॉलच्या दारात बावीस वर्षे गणपतीची रांगोळी हिने काढली, आणि दरवर्षी स्मरणिकेत छापून आले, 'प्रवेशद्वार सजावट : समिती'. समितीतल्या एकाचाही गुडघा कधी ठिपका काढायला वाकला नाही. मी त्या बावीस रांगोळ्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. तो आल्बम नेत्राच्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावा आणि प्रत्येक फोटोखाली पद्मजाचे नाव पूर्ण लिहावे. 'एक गृहिणी' असे कोणी लिहील तर आल्बम परत आणावा.

कलम ४. श्री. मोरेश्वर खोपकर यांना काही ठेवलेले नाही. ते अकरा वर्षे मंडळाचे अध्यक्ष होते. १९९६ साली मी हॉलचे स्वयंपाकघर मोकळे करण्याचा नवा नकाशा घेऊन समितीपुढे गेले. ते म्हणाले, "वहिनी, आधी जरा चहा ठेवता का? मग बघू." मी चहा ठेवला. ते प्याले. नकाशा काही पाहिला नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असे वकील सांगतात, म्हणून मोरेश्वररावांना मुद्दाम साक्षीदार केले आहे. त्यांना हे वाचून दाखवले, तेव्हा म्हणाले, "वहिनी, चहा चांगला झाला होता एवढं आठवतं." माणूस वाईट नाही. काय करता!

कलम ५. कपाटात वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली मरून शाल आहे. १९८५ साली हॉलच्या उद्घाटनाला ती आणि नारळ सुमंतला मिळाला, 'आपल्या वास्तूचे शिल्पकार' म्हणून. स्टेज, मुलांना खेळायची खोली, म्हाताऱ्यांसाठी उतार, सगळे माझ्या टेबलावर झालेले. त्याने भाषणात बांधकामवाल्याचे नाव घेतले, सुताराचे घेतले, माझे नाही. घरी येताना गाडीत म्हणाला, "राहूनच गेलं गं, पुढच्या वेळी घेतो." पुढची वेळ एकोणीस वर्षे आली नाही. मला राग होता, अजून आहे, आणि तो नाही म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही याचा त्याहून जास्त आहे. शाल ऊबदार आहे. थंडीत ज्याला लागेल त्याला द्यावी.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. ही लिहायची म्हणून आधीची पाच कलमे लांबवली.

मंडळाचा हॉल म्हणजे पूर्वीचे फर्निचरचे दुकान. स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात आहे. खिडकी नाही. हॉलकडून छतापर्यंत भिंत आणि मध्ये दोन दारे. आत आठ बायका दोनशे माणसांच्या पुऱ्या तळतात आणि बाहेरचा कार्यक्रम भिंतीतून ऐकतात. कधी टाळ्या, कधी हशा. कशाला, ते बाहेरून कोणी सांगितले तर कळते.

नेत्रा नऊ वर्षांची होती. त्याच उद्घाटनाला तिने नाट्यछटा केली. महिनाभर घरात पाठ करत होती. मी घाणा सोडून बाहेर जाईपर्यंत टाळ्या पडल्या होत्या. धावत येऊन म्हणाली, "आई, पाहिलंस?" मी म्हटले, "हो तर! किती छान केलंस!"

गेल्या ऑक्टोबरात नेत्राचे व्याख्यान होते, परदेशात आलेल्या लोकांनी बांधलेल्या इमारतींत बायकांना जागा कुठे मिळते यावर. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिने पडद्यावर आमच्या हॉलचा नकाशा दाखवला, कोपऱ्यातल्या चौकटीत सुमंतचे नाव. ती इंग्रजीत म्हणाली, "हे माझ्या बाबांनी काढलेलं स्वयंपाकघर. बाबांनी जन्मात कांदा सोलला नाही, हे ह्या भिंतीवरून कळतंच." लोक हसले. मीही हसले.

ती भिंत सुमंतची नाही. ती मी घातली.

दुकानाला त्या बाजूने मोठी काचेची खिडकी होती, ती मी विटांनी बुजवायला लावली. कोणी सांगितले नव्हते. १९७० च्या जानेवारीत सुमंतच्या ऑफिसातले लोक आमच्याकडे जेवायला आले होते. त्यांचे कोट पलंगावर ठेवले होते आणि मी आमटीला लसणीची फोडणी दिली. निघताना एका बाईने कोट उचलला, बाहीचा वास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिले. पंधरा वर्षांनी हॉलचा नकाशा काढायला बसले तेव्हा पहिल्यांदा कोट टांगायची जागा पुढच्या दाराशी ठरवली, आणि मग कोटांपासून जितके लांब नेता येईल तितके लांब स्वयंपाकघर नेले. हॉल आमचा, माणसे आमची, कोटही आमचेच, आणि त्यांना आमच्याच फोडणीचा वास लागू नये म्हणून मी सगळ्या बायकांना कोंडले. स्वतःलाही.

सुमंत तेव्हा म्हणाला होता, "मृणाल, आत गुदमरेल गं." मी म्हटले, "तुला काय कळतंय!" पुढे बायका त्याला टोमणे मारत, "सुमंतराव, काय हो हे तुमचं किचन!" तो म्हणे, "चुकलं खरं." माझ्याकडे बघतसुद्धा नसे. स्टेजचे श्रेय त्याने माझे घेतले, पण भिंतीचा बोलही माझा घेतला, आणि मेल्यावरही घेतो आहे, तो पोटच्या पोरीकडून. श्रेय मागायचे तर अख्खे मागावे. नेत्रा, पुरुषाने बाईला कोंडले ही गोष्ट सोपी आहे, आणि पुष्कळदा खरीही असते. इथे मात्र पेन्सिल माझ्या हातात होती. आणि तुझी नाट्यछटा मी पाहिली नाही.

कलम ७. माझ्या बचतीचा निम्मा भाग मंडळास द्यावा, अट अशी की माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत सदर भिंत पाडून, माझ्या १९९६ च्या नकाशाप्रमाणे स्वयंपाकघर हॉलकडे उघडे करावे, खिडकी पुन्हा काढावी आणि आलमारीमागच्या नळकांड्यातल्या त्या नकाशावर जे नाव आहे, माझे, तेच पाटीवर लिहावे. (हे कलम रद्द. पुरवणी पाहावी.)

कलम ८. मंडळाच्या वार्तापत्रात माझ्याविषयी लिहिताना 'सुगरण' आणि 'खंबीर साथ' हे शब्द वापरू नयेत. 'आर्किटेक्ट' पुरे.

पुरवणी. सहावे कलम टाइप करून झाल्यावर हिमानीचे हात थांबले. म्हणाली, "काकू, हे नेत्राताई तुम्ही गेल्यावर वाचणार?" मी म्हटले, "मृत्युपत्र तसंच वाचतात." ती म्हणाली, "मग त्या भांडणार कोणाशी?"

सुमंतशी न झालेल्या भांडणाचे मी आत्ताच वर लिहून बसले होते. मी नेत्राला फोन केला. आज सकाळी ती आली, आणि मी तिला पहिल्या कलमापासून सगळे वाचून दाखवले.

"आई, तू मला ते बोलू दिलंस? इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी?"

"हो."

"आणि तू हसलीस. आय सॉ यू."

"हो."

"बाबांबद्दल मी... आई, बाबा डिझर्व्ह्ड बेटर दॅन दॅट!"

ती दार आपटून बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. मला वाटले, गेली आता. वीस मिनिटांनी परत आली, डोळे लाल, आणि आलमारीमागून नळकांडे ओढून काढले. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि बराच वेळ ओणवी होऊन पाहत राहिली. मग त्यातल्या पाडायच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, ही लोड-बेअरिंग आहे?"

"नाही. छपराचं सगळं ओझं खांबांवर आहे. ही नुसती आडोशाला."

"म्हणजे पाडली तर काही पडत नाही?"

"काही पडत नाही."

"मग तू मरायची वाट कशाला बघायची?"

तिने तिथल्या तिथे पद्मजाला फोन लावला. पद्मजाने सगळे ऐकून घेतले, मला दोन शेलक्या शिव्या दिल्या, बावीस वर्षांच्या, आणि म्हणाली की विषय उद्याच्याच बैठकीत घेते, नकाशा घेऊन तूच ये.

सबब कलम ७ मी राजीखुशीने रद्द करीत आहे. त्यातली रक्कम आता मीच देईन. गणपतीला महिना राहिला आहे, सिटीचे परमिट तोवर मिळायचे नाही, म्हणून यंदाच्या पुऱ्या आतच तळू. त्यानंतर सदर भिंत माझ्या हयातीत, माझ्या नावाने आणि माझ्या डोळ्यांदेखत पाडण्यात येईल.

स्थळ : ईडन प्रेरी, मिनेसोटा
दिनांक : १८ ऑगस्ट २००७, शनिवार

सही : मृणालिनी टिपणीस, आर्किटेक्ट

साक्षीदार, दोघांच्याही समक्ष सही झाली :
१. मोरेश्वर खोपकर (उद्याच्या बैठकीत अनुमोदन देईन, असे इथेच लिहून देतो.)
२. हिमानी बोकारे