उजव्या खांद्यावरचे पदर

रेवदंडा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. क्षिप्रास पद्माआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुण्याच्या जुन्या बाजारातून तू पाठवलेलं चित्र पोचलं. दीडशे वर्षांपूर्वीचं आपलं खाडीवरचं बंदर! गलबतं काय, भाताची पोती काय, हिशेब विसरून भांडणारे हमाल काय! मी गावभर सांगत सुटले. सोळा तारखेला वाचनालयात अनावरण ठरलं, पत्रिकाही वाटून झाल्या.

आणि काल तुझ्या हरीकाकाने चष्मा पुसून जाहीर केलं की हे रेवदंडा नव्हेच. खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा डोंगर डावीकडे हवा, तो उजवीकडे. हमाल झाडून सगळे डावखुरे, बायकांचे पदर उजव्या खांद्यावर! बहिणीच्या फजितीची केवढी हौस माझ्या भावाला. आता चित्र लावलं तरी हसं, नाही लावलं तरी हसं. मला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. फोन केला असता, पण तो कान लावून बसतो. लवकर काहीतरी सुचव.

तुझी घाबरलेली,
आत्या

पुणे,
७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून कलाशाळेत एवढी हसले की शिपाई पाणी घेऊन आला. चूक माझी, सांगायचं राहिलं. असं चित्र आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरतात, मग शाई लावून कागदावर छापतात. रबरी शिक्क्यासारखं ते उलटं उमटतं. हे कोरणाऱ्या गोऱ्या साहेबाने उलटं कोरायचं सोडून बंदर दिसलं तसंच कोरलेलं दिसतंय. चित्र आरशात बघ. काकाला मात्र आधी सांगू नकोस, आणि त्याला पहिल्या रांगेत बसव.

लोभ आहेच, खाऊही पाठव.
क्षिप्रा

रेवदंडा,
१८ फेब्रुवारी

चि. क्षिप्रास अनेक आशीर्वाद आणि एक पापा. वि. वि.

अगं, काय सांगू! लग्नातल्या कपाटाचा आरसा उतरवून रिक्षाने वाचनालयात नेला आणि चित्रासमोरच्या भिंतीला टेकवला. पडदा सरकला तशी कुजबुज सुरू झाली, हरी तर मोठ्याने खाकरला. मग मी सगळ्यांना मागे वळून बघायला सांगितलं. कोर्लई जागेवर, पदर जागेवर! टाळ्याच टाळ्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं तुझा काका पुटपुटला.

नीराबाई कोळीण आता पंच्याऐंशीची. ती आरशापुढे गेली, केस सारखे केले, नि मागच्या गलबतांकडे बघत म्हणाली की बंदर आमचंच हाय, ही काय मी उभी हाय तिथं. मला रडूच आलं. मग सगळ्या गावाला त्या बंदरात उभं राहायचं होतं.

आजही रांग आहे. हरी इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्यांदा गेलाय. माझा आरसा काही परत मिळत नाही, आता तूच एक नवा घेऊन ये.

तुझी,
आत्या