तीन दातांचा पाना

जव्हार,
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय असलम,

सलाम आणि खूप दुवा. तुझी शायस्ता आणि छोटी जिक्रा बऱ्या असतील. अम्मीचे गुडघे थंडीने धरलेत, बाकी ठीक. दुकान चालू आहे. अब्बांच्या माघारी बाईमाणूस चाकू घडवते म्हणून लोक आधी हसतात, मग धार बघून गप्प बसतात.

भिवंडीला जाताना तू निरोपही घेतला नाहीस. त्याचा राग नाही. कशाचा आहे, ते लिहिते.

परवा हवालदार तुझा घडीचा चाकू घेऊन आला. तुळशीदास जीपवाल्याला ज्या चाकूने मारलं, तोच. आत रक्त मुरलंय का ते त्यांना बघायचं होतं, पण स्क्रू हलेना. घड्याळजीने जोर लावला तर हत्यार निसटून त्याचाच तळवा फाटला. कसा हलणार? स्क्रूच्या डोक्यावर तीन खाचा. आपला चाकू दुसऱ्या कुणी खोलू नये म्हणून अब्बा मुद्दाम तशा पाडायचे. त्याला लागणारे तीन दातांचे पाने दोनच. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे.

मी चाकू खोलला. पात्याच्या बुडाशी वाळलेलं काळं रक्त, त्यावर शिलाई मशीनचं ताजं तेल. आणि पितळी वायसर उलटा. अरे, तू तो दर वेळी उलटा बसवायचास म्हणून अब्बांनी तुझ्या कानाखाली किती वेळा वाजवली! रमजानमध्ये मी तो सुलटा बसवून दिला होता. म्हणजे खून झाल्यावर कुणीतरी चाकू खोलला, पुसला, तेल देऊन पुन्हा जोडला.

मी हवालदाराला "रक्त आहे" एवढंच म्हटलं. 

चाकू लाडक्याकडे सापडला. आपल्या भट्टीला कोळसा आणणारा, सूर्यमाळचा. तो म्हणतो, असलमभाऊने बक्षीस दिला. तू जबाबात म्हणालास, महिन्यापूर्वीच हरवला.

त्याची बायको रखमी रडत आली, म्हणून तिच्यासोबत ठाण्यात गेले. पोलिसांनी लाडक्याचे पुढचे दात पाडले होते. बोटं ठेचलेली, पाणी प्यायचं भांडंही धरवेना. रखमी म्हणाली, "बाय, त्याला कोंबडी पन कापवत नाय. घरात मीच कापतंय. तो मानूस कसा मारल?"

तुळशीदासने भर बाजारात तुझ्या मुस्कटात मारली, हे मी पाहिलं. त्या क्षणी मीही त्याला फाडला असता. पण तू चार दिवस थांबलास. दाभोशाच्या वळणावर, रस्त्याकडेला बसलेल्या माणसाला मागून धरून पोटात सहा वार. आतडी टॉवेलात धरून तो जीपपर्यंत चालत आला रे! आणि तू घरी येऊन चाकू पुसत बसलास. मग तो एका गरिबाच्या हातात ठेवलास, हसून ठेवला असशील. तू समोर असतास तर त्याच पात्याने तुझा हात मी तोडला असता.

काल मी जबाब दिला. वायसरचं, तेलाचं, दोन पान्यांचं, सगळं सांगितलं. माझा पाना पाकिटात घालून त्यांनी लाख लावली. खाली सही केली. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. लाडक्याला आज दवाखान्यात हलवलं आहे.

हे पत्र पोचेपर्यंत पोलीस तुझ्या दारात आले असतील, नाहीतर वाटेत असतील. पळू नकोस. तुझा पाना खाडीत फेकू नकोस, अब्बांच्या हातचा आहे. येताना घेऊन ये.

अजूनही तुझीच आपा,
कनीज