न फोडलेली सुपारी

ता. ४ जाने. ५९, रविवार

वैजापूरचे पाहुणे मला बघून गेले. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. इथं त्याला वै. म्हणते, पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही. दिसायला बरा. कान मोठे. पोहे खाताना लाजत होता, म्हणजे माझं काम तोच करत होता.

सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुम्हाला पुढं शिकायचंय का?" मी काहीतरी पुटपुटले. काय, ते आठवत नाही.

स्थळ मामांनी आणलेलं, त्यामुळे त्यांना घाई. खिशातून सुपारी काढून अण्णांच्या हातात दिली. "दाजी, फोडून टाका. लग्न ठरलं म्हणायला मोकळे." आई अडकित्ता आणायला उठलीसुद्धा. पण अण्णांनी मूठ मिटली. "पुढच्या रविवारी सांगतो."

अण्णा आणि 'सांगतो'! या घरात भाजी कुठली इथपासून मी कॉलेजात विषय कुठला घ्यायचा इथपर्यंत सगळं ते तिथल्या तिथं ठरवतात. काय बिनसलं?

५ जाने.

कचेरीत जायच्या आधी अण्णांनी अंगणात बोलावलं. सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. "फोडायची का नाय, तू सांग."

मी त्यांच्याकडं बघितलं. एकदम म्हणाले, "हेच! माझ्या तोंडाकडं नको बघूस."

मग तुरुंगाचं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात ते आत होते, एवढंच आम्हाला माहीत. "दारोगा काही इचारायचा तवा आम्ही आधी त्याच्या तोंडाकडं बघायचो. त्याला काय ऐकायचंय ते हेरून बोलायचो. काल त्या पोरानं तुला इचारलं अन् तू माझ्याकडं बघितलंस. अगदी तसंच बघितलंस, कुसुम."

टोपी घातली आणि गेले. मी तिथंच उभी. 

६ जाने.

तत्त्वज्ञानाचा तास. विषय स्वातंत्र्य. चाचणीत याच विषयावर मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, हसूच आलं. सर म्हणाले, "कैद्याची बेडी तुटली, कबूल. पण आता मनात उठणारी इच्छा त्याची स्वतःची कशावरून?" सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही.

घरी येऊन प्रयोग केला. 'हो' म्हणून बघितलं. ते अण्णांना आवडेल म्हणून आलेलं. 'नाही' म्हणून बघितलं. तेही अण्णांनाच दाखवायला, की बघा, मलाही येतं. दोन्हीकडं अण्णाच. यात मी कुठाय?

भीती वाटली. नुसती भीती नव्हे. लहानपणी देवगिरी किल्ल्याच्या टोकावरून पहिल्यांदा खाली बघितलं होतं, तसं काहीतरी.

७ जाने.

अण्णा खुलताबादला काकांकडं शेतावर गेले. रजा टाकून! म्हणे ज्वारीची राखण. काका असताना राखण कसली?

दारातून मागं न बघता म्हणाले, "मी घरात असलो की तुला माझंच तोंड दिसंल."

 मी मोकळी व्हावी म्हणून हा माणूस स्वतःच्या घरातून उठून गेला. इतकी वर्षं पाटाला पाट लावून जेवलो आणि एवढा मोठा माणूस मला दिसला नाही.

९ जाने.

आई भाकऱ्या थापत होती. विचारलं, तुला तुझ्या वेळी कुणी विचारलं होतं?

"मला? पेटू का म्हणून चुलीला इचारतात व्हय?" हसली. मग हात थांबले. "इचारलं असतं तरी मी हो म्हणले असते. लई चांगला माणूस हाय. पण ते हो माझं राहिलं असतं."

तव्यावरची भाकरी करपली. आई कधी करपवत नाही.

मग मी काय सांगू, म्हटलं. तर म्हणे, "मला नको इचारू बाई. मी सांगून बसंन!"

१० जाने.

चहात साखर घातली नाही. मला गोड चहा आवडतच नाही! सगळे पितात म्हणून पीत होते. इतकी साधी गोष्ट आणि एवढी वर्षं. कप हातात धरून वेड्यासारखी बसले होते.

मग वै.चा विचार केला. मी अण्णांकडं बघत होते तेव्हा तो माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत होता. एम.ए.चाही विचार केला. दोन्ही खरे, दोन्ही माझ्यापुढं. एवढं सगळं माझ्या हातात असेल असं कधी वाटलं नव्हतं.

११ जाने., रविवार

अण्णा सकाळच्या मोटारीनं आले. हुरड्याची कणसं आणली. एक शब्द विचारला नाही.

मामा बैठकीत येऊन बसलेत, सारखे घसा खाकरतायत. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. मामा म्हणाले, "दाजी, असं काय बसलात?" "बसू द्या मला." त्यांची पाठ मला इथून दिसते. एवढी ताठ कधी पाहिली नाही.

आईनं अडकित्ता पुसून पाटावर ठेवलाय. सुपारी माझ्याकडं.

माझं ठरलंय. इथं लिहीत नाही. लिहिलं तर तिथं जाऊन वाचून दाखवल्यासारखं म्हणेन. आधी मोठ्यानं म्हणायचं, कुणाच्या तोंडाकडं न बघता.

सुपारी मुठीत घेतली. उठते.