पोशीरच्या ओढ्यातला बिननावाचा मासा

मी, मालती गोपाळकृष्ण टिपणीस, वय वर्षे बहात्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. झोप का लागत नाही, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

माझे पती हयात नाहीत. एकुलता एक मुलगा केयूर जुलै २०१९ मध्ये वारला. सबब मला थेट वारस नाही. हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितलं म्हणून घातलं. 

कलम १. दहिवलीचं राहतं घर माझ्या मालकीचं आहे. ते माझ्या पश्चात सुप्रिया राणे, राहणार पोशीर, हिला मिळावं. सुप्रिया केयूरबरोबर नदीनाल्यांतल्या माशांवर संशोधन करायची. दोघांचं जमलं होतं, मला सांगायचं तेवढं राहिलं होतं. पुढे तिने दुसरीकडे लग्न केलं. बरं केलं. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तीच पाहील.

मात्र माझ्या थोरल्या नणंदबाई, गोदा प्रधान, मागच्या दोन खोल्यांत अखेरपर्यंत राहतील. त्यांना कोणी हलवायचं नाही. सहा वर्षं आम्ही एका छपराखाली दोन चुली मांडून अबोला धरला, तो आमचा प्रश्न. त्यावरून त्यांना बाहेर काढायचा हक्क कोणाला मिळत नाही.

कलम २. केयूरच्या बरण्या, सूक्ष्मदर्शक आणि जाळी सुप्रियाची. बरण्यांत उल्हास, पेज आणि पाताळगंगेचे मासे आहेत: मळ्या, दांडवण, मुरी, शिंगटी. पाहुणे विचारतात, ही सगळी बारीक चिंगळी मासळी सारखीच की! सारखी कशी असेल? केयूर एकेकाच्या मिशा मोजायचा, पंखांतले काटे मोजायचा, मग कूळ ठरवायचा. पण त्याचं पहिलं वर्गीकरण वन्संच्या विळीपुढे झालं. पाच वर्षांचा होता. वन्सं त्याला सांगत, खवले असले तर खरवडायचे, मिशा असल्या तर राख चोळायची, नाहीतर हातातून निसटेल. डॉक्टरेट झाल्यावरही तो म्हणायचा की माझ्या शास्त्राची सुरुवात आत्याच्या राखेपासून.

कलम ३. हे कलम मालमत्तेचं नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्या पुरात वलगणीचे मासे शेतात चढतात त्या दिवसांत केयूरला पोशीरच्या ओढ्यात एक शिंगटी मिळाली. बोटाएवढी, शेपटीच्या बुडाशी पिवळा पट्टा, मिशा थेट पाठीच्या पंखापर्यंत. अशी कुठल्याच पुस्तकात नव्हती. घरी आला तोच अंगात कणकण घेऊन. एरवी लगेच दारूच्या अर्कात घालायचा, त्या दिवशी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवली आणि म्हणाला, "उद्या बघतो." तो उद्या आलाच नाही. लेप्टोचा ताप होता. पाचव्या दिवशी माझं पोर गेलं.

आम्ही मासे खाणारी माणसं. सुतकात मात्र घरात मासळी चालत नाही. मी भिंतीला टेकून बसले होते. वन्संनी घर आवरलं, फ्रीज रिकामा केला. सुरमई, बोंबील आणि ती पिशवी, सगळं मागच्या दारी मांजरांना घातलं. तेराव्यानंतर सुप्रिया आली, तिने फ्रीजर उघडला, आणि मग आम्हाला कळलं.

नव्या माशाला नाव द्यायचं तर त्याचा देह जपून ठेवावा लागतो. नुसत्या फोटोवर नाव देणं केयूरला मान्य नव्हतं. माझ्याकडे दोघांचेही फोटोच उरले.

मी वन्संना एकच वाक्य बोलले, "तुम्ही त्याला दुसऱ्यांदा नेलंत." त्यानंतर बोलणं बंद.  वन्संनी त्या दिवसापासून मासे खाणं सोडलं.

कलम ४. बँकेतली ठेव पोशीरच्या ओढ्यावरच्या शोधासाठी वापरावी. वर बंधारा होतोय, तेव्हा लवकर वापरावी.

कलम ५. माझं सुतक कोणी पाळू नये. पाळायचंच असेल तर फ्रीजला हात लावू नये.

कलम ६. हे कलम सुप्रियाने एकटीने वाचावं. साक्षीदार फक्त माझी सही पाहतील, मजकूर नाही.

पिशवी फ्रीजरमध्ये ठेवताना केयूर हसून म्हणाला होता, "आई, नवीन निघाला तर याला आत्याचं नाव देणार. तिला आत्ताच सांगू नकोस."

हे मी वन्संना सांगितलेलं नाही. संतापाच्या भरात कितीदा ओठांवर आलं. तेवढ्या एका वाक्याने त्या मेल्या असत्या, हे मला ठाऊक होतं, म्हणून गिळलं. मासा पुन्हा सापडला तर सुप्रियाने त्यांच्याजवळ बसून, त्यांचा हात धरून सांगावं. नाही सापडला तर कधीच सांगू नये. ज्या हातांनी टाकला, त्याच हातांच्या बाईचं नाव त्याला मिळणार होतं, हे ऐकून कोणी कसं जगावं?

कलम ७. गेले सहा पावसाळे वन्सं पोशीरला जातात, हे मला रिक्षावाल्या वाल्मिकने सांगितलं. म्हणाला, "काकू, आजी गुडघाभर पान्यात हुभ्या ऱ्हातात. आयकत नाय कुनाचं." अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! संध्याकाळी माझ्या दाराशी तांब्या येतो. आत एखादी शिंगटी फिरत असते. मी बघते, मान हलवते, त्या तांब्या उचलून जातात.

आजही आल्या. लुगडं पोटऱ्यांपर्यंत भिजलेलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, "हाच का गं, मालती?"

पिवळा पट्टा नव्हता. मिशाही आखूड होत्या.

मी म्हटलं, "नाही, वन्सं. पण पाय पुसा आधी. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

येथवर लिहिलेलं सर्व माझ्या इच्छेचं आहे. पूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं. वकील म्हणतात, सहीनंतर मजकूर वाढवू नये, म्हणून सही उद्यावर ठेवली होती. उद्या मला ओढ्यावर जायचं आहे, तेव्हा आजच करते.

सही: मालती गोपाळकृष्ण टिपणीस

साक्षीदार:
१. वाल्मिक ठोंबरे, रिक्षाचालक, पोशीर
२. नम्रता कर्णिक, शेजारी, दहिवली

स्थळ: दहिवली, कर्जत
दिनांक: २ जुलै २०२५