आगबोटीच्या राखेचं छप्पर

आबा, तुमच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर मी राख चढवली. मांडवीच्या धक्क्यावर आगबोटवाले बॉयलरमधली जी जळकी खडी टाकून देतात तीच, धुऊन, चाळून, सिमेंटात कालवून. आईच्या चुलीवर आता तिचंच छप्पर आहे.

तुम्ही मिस्त्री, हाताखाली गवंडी, आणि मी शाळा बुडवून धक्क्यावर उंडारणारा. त्या राखेत चुना घालून एक लादी थापली होती, हातात घेतली तर वजनच नाही. कौतुकाने दाखवायला आणली, तर तुम्ही गवंड्यांदेखत तिच्यावर पाय दिलात. "राखेत मेलेलं निजतं रे, जितं नाय!" सगळे खिदळले. लादीचा भुगा झाला, कारण ती सुकलीच नव्हती. बोटीवर राख खाऱ्या पाण्याने विझवतात, ते मीठ ओल धरून ठेवतं. हे मला फार पुढे मुंबईला एका गिरणीच्या बांधकामावर कळलं. त्याआधी मी कराचीपर्यंत भटकलो, तिथले उंट एकदा बघायला हवे होतेत तुम्ही, पण ते असो.

परतलो तेव्हा तुम्हाला जाऊन वर्षं लोटली होती. मागच्या माडाचे नारळ पडून स्वयंपाकघराची कौलं फुटत होती, एक फुटकं कौल आईच्या कपाळावर बसलं होतं. माड ती तोडू देईना. पक्कं छप्पर घालावं तर तुमचा जुना गवंडी, तेव्हा खिदळलेल्यांतलाच, भिंतीला ओळंबा लावून म्हणाला, "कललीय रे. दगडाचा भार हिला पेलायचा नाय." काय गोड वाटलं म्हणून सांगू! तुमची भिंत, आणि तिला माझ्या हलक्या राखेवाचून गती नाही. त्यालाच मी विहिरीवर राख धुवायला बसवला.

"नीट चोळा काका, मीठ राहील."

"तुझा बापूस असता तर..."

"तर त्यांनाही बसवलं असतं."

छप्पर ओतलं, वाळलं. खालचे टेकू काढायच्या दिवशी आई छपराखाली जाऊन उभी राहिली. "आई, बाहेर ये." "तू काढ. मी हंयच आसंय." गवंडी दारात, तोंडात पान, वाट बघतोय. मी एकेक टेकू पाडत गेलो. शेवटच्यावर हातोडा घातला. छप्पर जागचं हललं नाही, भिंतही नाही.

जिंकलो, आबा. हे कुठे धाडायचं नाही म्हणून एवढं लिहितो: तो हातोडा पडताना माझ्या तोंडून 'आबा' असं मोठ्याने गेलं. आईने ऐकलं. गवंड्याने ऐकलं नसावं.