गळ्यातलं कार्ड

मनीषनगर, नागपूर
१२ जानेवारी

सम्यका, जय भीम.

फोनवर बाबा बाजूलेच असतात, म्हणून हे पत्र तुझ्या बारावीच्या गाइडमध्ये ठेवून पाठवून राहिली आहे. एकटीच वाचजो.

मी बरी आहो. रूम चांगली आहे, डबाही बरा येते. आईचा गुडघा कसा आहे वं?

आता नीट ऐक. शाळेत करिअर मार्गदर्शनाच्या तासाले सर म्हणाले होते, जातीचा दाखला असला की ॲडमिशन, स्कॉलरशिप सगळं होते. मी तेच धरून बसली. कॉलेजले त्याच्यावर जात पडताळणीचं प्रमाणपत्रही पाहिजे होतं. त्याचा अर्ज वेगळा, त्याले महिने लागतात. मुदत संपली आणि माझी सीट गेली. ऑक्टोबरमध्येच गेली. तवापासून मी मिहानमध्ये एका कंपनीत पॅकिंगचं काम करून राहिली आहे.

तू कोणाच्या भरवशावर राहू नको. आजोबांच्या शाळेचा जुना दाखला आईच्या पेटीत आहे. तो काढ आणि याच आठवड्यात पडताळणीचा अर्ज कर. बाबानं काहून म्हणून विचारलं, तर कॉलेजवाल्या ताईनं सांगितलं म्हणजो.

बाबानं माझा गळ्यात कार्ड घातलेला फोटो समोरच्या खोलीत लावला म्हणे. ते कार्ड कंपनीच्या गेटचं आहे. बाबाले इंग्रजी वाचता येत नाही. पण घरी कोणी वाचणारा पाहुणा आला, तर तू फोटोसमोर उभी राहजो.

आईबाबाले माझा जय भीम सांग, बाकी काही नको.

तुझी ताई,
पायल